एकशेवीस अंशांवरचे लाडू

पिनर
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

उदय,

पत्राच्या वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची आपल्याकडे रीत आहे. मी ते शेवटासाठी राखून ठेवतो. मजकूर लिहून झाल्यावर उरले तर देईन.

तू माझा फोन ब्लॉक केला आहेस, म्हणून हे कागदावर. पोस्टमन सही घेऊनच देईल, त्यामुळे पत्र मिळालं नाही असं म्हणायची सोय नाही.

आज भाऊबीज. तुझी बहीण संध्याकाळी तबक घेऊन मागच्या अंगणात गेली आणि भाऊ जागेवर नसला की ओवाळतात तसं तिनं चंद्राला ओवाळलं. ढग होते. अंदाजानं ओवाळलं. तुझं केंब्रिज इथून दीड तासावर आहे, चंद्र जरा लांब आहे.

ओवाळणी मात्र गुरुवारीच आली. तीनशे ग्रॅम हिरवी पूड, तुझ्या कंपनीचं माहितीपत्रक आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. 'ताई, बोटांसाठी. रोज एक चमचा, कच्चीच घे. दाजींचं ऐकू नकोस.' चिठ्ठी मी वाचली, कारण ती माहितीपत्रकाला टाचलेली होती आणि या घरात माहितीपत्रकं मी वाचतो. सीमाला अठ्ठावीस वर्षं नर्सिंग करून औषधाच्या बाटलीवरचं वाचायचा कंटाळा आलाय, बाकी छापील कागदाचं विचारूच नकोस.

माहितीपत्रकात चौदा चुका आहेत. सगळ्या काढत नाही, रविवार आहे. सुरुवातीचा परिच्छेद बरोबर आहे हे आधी कबूल करतो. हिरव्या हेम्पच्या, म्हणजे बिननशेची म्हणून विकतात त्या भांगेच्या, झाडात लोक ज्याला सीबीडी म्हणतात तो तयार नसतोच, त्याचं आम्ल असतं, आणि तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जाऊन सीबीडी होतो. हे तू नीट लिहिलंस. इथेच थांबला असतास तर तुझी पीएचडी वाया गेली नाही असं मी चारचौघांत सांगितलं असतं.

पण पुढे 'आयुर्वेदाचा हजारो वर्षांचा आधार' आहे. शहाण्या, आयुर्वेदात भांग आधी शुद्ध करतात. धुतात, वाळवतात, तुपावर परततात. कच्ची खा असं सांगणारा वैद्य तुला कुठे भेटला? आणि 'सांधेदुखीवर संशोधनानं सिद्ध' म्हणजे कुणावर सिद्ध? तू खाली बारीक अक्षरात दिलेले सहाही संदर्भ मी उघडून वाचले. तीन उंदरांवर, दोन बशीतल्या पेशींवर, आणि एकात नुसतं 'पुढे अभ्यास व्हायला हवा'. उंदरांची मळमळ कमी झाली. उंदरांचं अभिनंदन. सातारच्या सीमा आपटेची बोटं त्या बशीत नव्हती.

उद्या माणसांवर सिद्ध झालं तर मी आधी मान्य करीन. पण सिद्ध व्हायच्या आधी छापायचं, आणि तेही स्वतःच्या बहिणीच्या सुजलेल्या सांध्यांवर, याला आमच्या मिरजेकडे संशोधन म्हणत नाहीत.

पूड टाकून दिलेली नाही. तिचं काय करायचं ते मी ठरवलंय.

आशीर्वाद उरले नाहीत.

शशी


पिनर
रविवार, १५ डिसेंबर २०२४

उदय,

तू सीमाला केलेला मेसेज तिनं मला वाचून दाखवला. 'दाजींना सांग, विथ ड्यू रिस्पेक्ट, त्यांचं फील्ड सर्व्हिसिंग आहे. बायोकेमिस्ट्री नाही.'

खरं आहे. मी यंत्रं दुरुस्त करतो. नव्याण्णव साली सीमाच्या मागून इथे आलो तेव्हा पार्क रॉयलच्या गोदामात खोकी उचलत होतो. तिथून एका तपासणी प्रयोगशाळेत फरशी पुसायला लागलो. तिथलं एक यंत्र बंद पडलं होतं, इंजिनिअर तीन आठवडे येणार नव्हता. मी त्याचं चारशे पानांचं मॅन्युअल डबा खाताना वाचून काढलं आणि अठराव्या दिवशी यंत्र चालू केलं. आज तुझ्या पुडीसोबत येतं तसल्या तपासणीच्या प्रमाणपत्रांवर आकडे उमटवणारी यंत्रं दक्षिण इंग्लंडभर माझ्या हातानं चालतात. तुझ्या कंपनीच्या उद्घाटनाला तू पाहुण्यांना काय सांगितलंस? 'आमचे दाजी. हँडी आहेत.' हँडी! जणू मी शेल्फ ठोकायला आलो होतो. त्यानंतर तुझ्या दारात मी पाऊल ठेवलं नाही, आणि ते तुझ्या लक्षात यायला चार महिने लागले.

असो. आज मला तुला आनंदाची बातमी द्यायची आहे.

सीमाची बोटं सुधारली. सकाळी मूठ वळते. झोप गाढ लागते. संध्याकाळी आली की हसत असते, परवा टीव्हीवर हवामानाचा अंदाज चालू होता तर त्यालाही हसली. हे तिनं तुला भोळेपणानं सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या वेबसाइटवर झळकलं: 'एस., कम्युनिटी नर्स, वेस्ट लंडन. रॉ अ‍ॅसिडची जादू.' तिला विचारलंस का रे? नाही. तुला वाटलं, बहिणीचं म्हणजे आपलंच.

तर जादूगार, आता ऐक. तुझं कच्चं आम्ल तिच्या पोटात एक ग्रॅमही कच्चं गेलेलं नाही.

मी त्या पुडीचे डिंकाचे लाडू केले. आमच्या आईच्या मापानं. चाळीस ग्रॅम पूड, साडेतीनशे ग्रॅम तूप. तुपात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, बुडवून ठेवला, एकशेवीस अंश सेल्सिअस, वर-खाली दोन अंश, चाळीस मिनिटं. बारीक बुडबुडे येत होते तो तुझा कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले, मी गॅस बंद केला. आम्लाच्या वजनात बारा टक्के घट, हिशेबाप्रमाणे. मग ते तूप गाळून खारीक, खोबरं, खसखस, तळलेला डिंक, गूळ. चोवीस लाडू, सगळे एका वजनाचे. संपले की पुन्हा याच मापाचा नवा घाणा. सीमाला वाटतंय पूड शेवटी वरून कच्ची मिसळली आहे, तू सांगितलीस तशी. मीही तिचा समज मोडला नाही. रोज दोन खाते.

म्हणजे जे काही झालं ते साध्या सीबीडीनं झालं, ज्याच्यावर निदान एका रोगात तरी माणसांवर धड काम झालेलं आहे. आता वेबसाइटवर दुरुस्ती छाप: 'एस. यांना आराम पडला, कारण त्यांच्या यजमानांनी आमचं उत्पादन तुपात जाळलं.'

माझी हरकत नाही. नाव पूर्ण छाप.

शशी


पिनर
रविवार, १९ जानेवारी २०२५

उदय,

सीमानं तुला कळवलं नसेल. कळवू नका म्हणाली होती.

मंगळवारी सकाळी ती ईलिंगमध्ये एका म्हातारबाबांचं ड्रेसिंग बदलायला चालली होती. सिग्नलला थांबलेली असताना मागून एक व्हॅन येऊन आदळली. चूक व्हॅनवाल्याची, सगळ्यांसमोर. पण पोलीस आले की दोघांचीही तपासणी करतात. दारूची केली, काही नाही. मग तोंडातला नमुना घेतला. व्हॅनवाल्याचा कोरा आला. सीमाचा गांजाला पॉझिटिव्ह.

नर्सचा गणवेश अंगावर, गळ्यात ओळखपत्र, आणि तिला गाडीत बसवून पोलीस स्टेशनला नेलं. रक्त काढायला आलेली नर्स तिच्याच हाताखाली शिकलेली निघाली. सीमा घरी येऊन तेवढंच बोलली, 'तिनं माझ्याकडे बघितलं नाही हो. शीर चांगली शोधली पण.'

रक्ताचा रिपोर्ट यायला आठवडे लागतील. मर्यादेच्या वर आला तर निदान वर्षभर लायसन्स जाणार. गाडीशिवाय तिला एकाही पेशंटच्या घरी जाता येत नाही. म्हणजे नोकरी जाणार, आणि नर्सिंगच्या नोंदणीची चौकशी वेगळी.

आता तुझ्या प्रमाणपत्राकडे ये. 'टीएचसी: आढळला नाही.' बरोबरच आहे. ज्या यंत्रावर तपासलं ते नमुना तापवत नाही. नशा आणणारा टीएचसीदेखील कच्च्या झाडात आम्लाच्या रूपात असतो, त्या रूपात तो नशा आणत नाही, आणि त्या आम्लाचा रकाना तुझ्या प्रमाणपत्रात ठेवलेलाच नाही. तापवलं की त्याचंही तेच होतं जे बाकीच्याचं होतं. हे तुला ठाऊक होतं. रकाना कुणी गाळला, तू की तुझ्या प्रयोगशाळेनं? आणि तू पीएचडी! वर पुन्हा 'पूर्ण पारदर्शकता' असं छापायला लाज वाटली नाही?

रकाना नाही हे कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं.

मला त्या खेपेचा राखून ठेवलेला नमुना तपासून आकडा हवा आहे. टक्क्यांत, दोन दशांशांपर्यंत. सही-शिक्क्यासह. सॉलिसिटर म्हणून ईलिंगची मालविका देशमुख आहे, इथेच जन्मलेली, हुशार आहे. तिला मी पाकीट आणि प्रमाणपत्र दिलं. लाडू घरीच केले होते एवढं सांगितलं. तपशिलात गेलो नाही. तिनं विचारलंही नाही.

आणि डिसेंबरचं माझं पत्र फाडून टाक. त्यात घरगुती गोष्टी आहेत.

शशी


पिनर
रविवार, २ मार्च २०२५

उदय,

रिपोर्ट आला. लिटरभर रक्तात मर्यादा दोन मायक्रोग्रॅम, सीमाचा आकडा दोन पूर्णांक सहा.

तुझा फोनही आला. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला आणि पहिलं वाक्य काय, तर 'दाजी, तुमचं पत्र जपून ठेवलंय हं.' तू काय बोललास ते मी नंतर लिहून काढलं. तुला विसर पडू नये म्हणून इथे उतरवतो.

'त्यात अंश सेल्सिअससकट सगळं आहे. पाकिटावर "गरम करू नका" असं स्पष्ट छापलंय. उद्या कुणी विचारलं तर आमच्या प्रॉडक्टचा काय दोष? पण मी ते कुणाला दाखवणार नाही. तुम्ही सर्टिफिकेटबद्दल कुठे बोलू नका, मी पत्राबद्दल बोलत नाही. ताईचं काय, एक वर्षच तर आहे. तशीही तिनं आता थोडी विश्रांती घ्यायला हवी.'

विश्रांती. तुझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा सीमानं बिनपगारी रजा घेतली आणि तू परीक्षा दिलीस. कुणी कधी विश्रांती घ्यायची हे ठरवायची तुझी सवय जुनीच आहे.

पण खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मी पंधरा मिनिटं विचार केला. सौदा चोख होता. तुझी लबाडी झाकली जात होती आणि माझं शहाणपण. भरपाई तिसरीनंच करायची होती, आणि ती शेजारच्या खोलीत ड्युटीच्या बुटांना पॉलिश करत होती. सध्या ड्युटी नाही, तरी करते.

मी जाऊन तिला सगळं सांगितलं. तापमान, वेळ, बुडबुडे. ती बूट हातात धरून ऐकत होती.

'म्हणजे दोन महिने मी विचारत होते, पूड वरून घातलीय ना, तेव्हा तुम्ही काय म्हणत होतात?'

'मी "खा" म्हणत होतो.'

'हो. "खा"च म्हणत होतात.' मग बूट खाली ठेवून म्हणाली, 'पण का हो? टाकून द्यायची होती. मला सांगायचं, हे काही खरं नाही, घेऊ नकोस. मी ऐकलं असतं.'

मी म्हणालो, मला उदयला दाखवून द्यायचं होतं.

'मग त्याला खायला घालायचे लाडू.'

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

मग तिनं जे सांगितलं ते तुझ्यासाठीही आहे. ऑक्टोबरात संधिवाताच्या डॉक्टरांनी तिच्या गोळीचा डोस वाढवला होता. अंगात भिनायला सहा-आठ आठवडे लागतात. म्हणजे बोटं सुधारायची वेळ डिसेंबरच होती. 'तुम्हा दोघांना फोनवर सांगितलं होतं,' म्हणाली. 'तो म्हणाला, "ओके ताई." तुम्ही म्हणालात, "बरं." नंतर दोघं माझ्या बोटांवरून भांडत बसलात.'

तेव्हा तुझी जादू गेली आणि माझा सीबीडीही गेला. राहिली गाढ झोप आणि हवामानाच्या अंदाजाला आलेलं हसू. ते कशानं आलं ते आता रक्ताच्या रिपोर्टात आहे. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांत नसलेले रकाने शोधून दाखवणारा मी, त्या प्रमाणपत्रावर 'आढळला नाही' एवढं वाचून गॅस पेटवला. तू फसवायला रकाना गाळलास. मला तो दिसला नाही, कारण मला फक्त तुझ्या चुका मोजायच्या होत्या. तुझ्या माहितीपत्रकातली पंधरावी चूक मी केली.

दुसऱ्या दिवशी मालविकाकडे गेलो. डिसेंबरच्या पत्राची प्रत माझ्याकडे होती, मी प्रत ठेवल्याशिवाय काही पोस्टात टाकत नाही. तिच्या टेबलावर ठेवली.

ती मराठी वाचते, पण बोट ठेवून. शेवटी म्हणाली, 'काका, हा रेसिपी तुम्ही स्वतः लिहिली? स्वतःहून? पोस्ट केली?'

'सही घेऊन द्यायच्या पोस्टानं.'

'ओ माय गॉड, काका.' मग जरा सावरून म्हणाली, 'ऐका. सीमामावशीला माहीत नव्हतं, हे प्रूव्ह झालं तर कोर्ट बॅन न देऊ शकतो. हा पत्र बेस्ट एव्हिडन्स आहे. पण यात तुम्ही गुन्हा कबूल करताय, कळतंय ना? तुमच्या जॉबलाही कळेल.'

मी म्हटलं, कळतंय. व्याकरण सुधारू का? ती म्हणाली, एका अक्षराला हात लावायचा नाही.

फ्रीजरमध्ये तीन लाडू उरले होते. ते सीलबंद करून एका स्वतंत्र प्रयोगशाळेकडे गेले. माझ्या हातचं कुठलंच यंत्र तिथे नाही, ही खात्री मालविकानं दोनदा करून घेतली.

तेव्हा तुझ्या सौद्याला नकार. पत्र तू हवं त्याला दाखव, मी आधीच दाखवलं आहे. राखून ठेवलेल्या नमुन्याचा आकडा तुझ्याकडे अजून मागतो आहे. लाडवात जे सापडेल ते तुझ्याच पुडीतून आलं, हे त्याशिवाय पुरं सिद्ध होत नाही. आणि उरलेली पाकिटं परत मागव. डिंकाचे लाडू करणारी घरं फक्त पिनरमध्येच चाळीस आहेत, आणि पूड म्हटली की भाजायची हे प्रत्येकीच्या हातात आहे. 'गरम करू नका' असं तू इंग्रजीत छापलंयस, तेही का ते न सांगता. का ते सांगितलं असतंस तर रकानाही दाखवावा लागला असता.

शशी


पिनर
रविवार, ११ मे २०२५

उदय,

आकडा मिळाला. सुनावणीच्या आदल्या दिवशी, तोही मला नाही, ताईला, आणि शेजारी एक शब्द नाही. नुसतं ०.१६ टक्के, खाली शिक्का. माझा अंदाज ०.१५ होता. पाठवलास हे कमी नाही. यापेक्षा जास्त चांगलं तुझ्याबद्दल आज लिहवत नाही. वेबसाइटवर पाकिटं 'तात्पुरती उपलब्ध नाहीत' असं दिसतं. खरं कारण लिहायला अजून तुझा हात धजत नाही.

मंगळवारी कोर्ट झालं. सीमानं गुन्हा कबूल केला, कारण रक्तात होतं ते होतं. मग मला उभं केलं. तीन न्यायाधीश, मधल्या बाई माझ्याच वयाच्या. मालविकानं पत्राचं भाषांतर वाचलं. 'नाव पूर्ण छाप' पर्यंत वाचलं. कोर्टात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

मग सरकारी वकिलानं विचारलं, 'या विषयात तुमचं काही औपचारिक शिक्षण आहे का?'

उदय, हा प्रश्न मला कुणी विचारील म्हणून मी पंचवीस वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं. चारशे पानांचं मॅन्युअल, अठरावा दिवस, सगळं. मी म्हणालो, 'नाही.'

'आणि तुमच्या पत्नीला या तापवण्याची कल्पना होती?'

'नव्हती. तिनं विचारलं होतं. मी सांगितलं नाही.'

मधल्या बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. तुझ्या उद्घाटनाला पाहुण्यांनी बघितलं होतं त्याहून वेगळं. त्यांनी मला नीट ओळखलं होतं.

बंदी घातली नाही. शिक्षा तर नाहीच, पण नोंद राहील. सीमा कामावर आहे. चौकशी संपेपर्यंत टेबलाचं काम, गाडी पुढच्या महिन्यापासून. मला कंपनीनं घरी बसवलंय आणि पोलिसांचं बोलावणं यायचं आहे. येऊ दे.

तू विचारणार नाहीस, म्हणून सांगतो, ती कशी आहे. माझ्याशी बोलते. जेवायला वाढते. मी केलेलं मात्र काही खात नाही. कालवणात काय घातलंय ते विचारतेही नाही, नुसतं ताट सरकवते. तुझं नाव निघालं तर उठून जाते, रागानं नाही, काम आठवल्यासारखी.

थंडी लांबली आणि बोटं पुन्हा धरली आहेत. काल दुपारी तिला लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडायची होती. झाकण फिरेना. फडकं धरून बघितलं, गरम पाण्याखाली धरून बघितलं. मी उठलो.

'नको,' म्हणाली.

बरणी घेऊन तशीच पायांत चपला घालून शेजारच्या मिसेस हॅरिसकडे गेली. मी खिडकीतून बघत होतो. त्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी झाकण उघडून दिलं, आणि दोघी तिथेच दारात कितीतरी वेळ बोलत उभ्या होत्या.

शशी